लंगडा ठोका

मांडवी, रत्नागिरी
२३ जून २०२४

चि. रघूस,
दादूचे आशीर्वाद, घ्यायचे तर घे.

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. आधी माझ्या कानांची किंमत ऐक: चौथीनंतरची शाळा, उजव्या हाताची दोन बोटं आणि दुसऱ्यांच्या होड्यांवर मशीनशेजारी झोपून काढलेली तरणी वर्षं. एवढं देऊन कमावलेत, बापाकडून आलेले नाहीत.

तेव्हा मच्छीमार सोसायटीत तुझं नाव घेतलं ते उगाच नाही. जूनपासून मासेमारी बंद, तरी परवा पहाटे एक मशीन खाडीच्या तोंडातून बाहेर गेलं. दोन ठोके सरळ, तिसरा लंगडा. ही खोड तुझ्याच मशीनची. वर्षानुवर्षं ऐकतोय, एप्रिल-मेमध्येही रोज ऐकलं. लंगडा ठोका आला की तू, हे कधी चुकलेलं नाही. गुडघ्यांनी मला घरी बसवलंय, कानांनी नाही. आमचा पोरगा नितेश नेमका हर्ण्याला मामाकडे गेला होता, नाहीतर त्यालाही उठवून ऐकवलं असतं.

त्याच्याकडून शीक जरा. शिमग्याला कोरं मशीन आणलंन. आमच्या घरात दुसऱ्याची उतरवलेली वस्तू येत नाही. इतकं गुणी मशीन, की तो समुद्रावर निघतो तेव्हा मला चाहूलही लागत नाही.

खरं कबूल कर, मेल्या. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.

दादू

भाट्ये
२७ जून

ती. दादूभाऊंस,
रघूचा सा. न., रिवाज म्हणून.

सभासदत्व गेलं की मला बर्फ नाही, जाळ्याला कर्ज नाही. माझ्या दिशाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी लग्नाची तारीख पुढे ढकलली. हे तुमच्या कानांनी केलं.

माझी होडी होळीपासून वाळूवर उलटी पडलीय, फळ्या बदलायच्यात. एप्रिल-मेमध्ये मी रोज काय पोहत गेलो? दिशा म्हणते, काका पुष्कळ वेळा ऐकतात आणि त्याला ‘नेहमी’ म्हणतात. उलटी होडी पाण्यात नसते, हे एकदा बघितलं तरी पुरतं. पूल ओलांडायला गुडघे नसतील, तर कोणाला तरी पाठवा.

तुमचा लोभ माझ्या दारात नको.

रघू

मांडवी
३० जून

चि. रघूस,
आशीर्वाद मागच्याच पत्रातले वापर.

तुझ्या वहिनीला पाठवलं. होडी उलटी आहे, खाली कोंबडी अंड्यांवर बसलीय, असं गोदा सांगत आली. ठीक, होडी नव्हती. तेवढ्याने सुटलास असं समजू नकोस. दिशाला सांग, काका चौथी शिकला तरी त्याला पुढचं कळतं. लंगडा ठोका एकाच मशीनचा. त्या पहाटे लंगडा ठोका गेला. म्हणजे तेच मशीन गेलं. होडीवरून सोडवून दुसऱ्या होडीला लावायला कितीसा वेळ लागतो? यात कुठे फट असेल तर दाखव.

सोसायटीला आज लेखी दिलं, की होडीचं राहू दे, मशीन ज्याच्याकडे असेल त्याचं सभासदत्व रद्द करा. नात्यागोत्याचा असला तरी गय नको. खाली सही केलीय, तीन बोटांनी पेन धरून.

रविवारच्या सभेला ये. लोभाचं तिथेच बघू.

दादू

भाट्ये
४ जुलै

ती. दादूभाऊंस,
सा. न.

फट शोधली, नाही सापडली. तुमचे कान खरे आणि या वेळचा हिशेबही खरा. मशीन तेच होतं.

आजवर गप्प राहिलो, कारण एकाला शब्द दिला होता. घरी कळलं तर बाबा जेवायचे नाहीत, म्हणाला. माझं नाव सोसायटीत पुकारलं तेव्हा तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. पण तुमचा कागद वाचून दिशाची आई चुलीपुढे रडली, म्हटलं आता शब्द पुरे. आधी तुम्हालाच कळवतोय. रविवारी सभेतही हेच सांगेन.

गोदावहिनींना नमस्कार. कोंबडीची पिल्लं निघाली, हवी तर दोन पाठवतो.

रघू

ता. क. मशीन मी शिमग्यालाच विकलं. नितेशने घेतलं. ते तुमच्या होडीला आहे.