पाहुण्याने उचललेलं वाक्य

दिवेआगर,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. देवदत्तास, ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सुपारी खळ्यात वाळते आहे. आईची साखर आटोक्यात. तू पाठवलेल्या यंत्रमानवाला ती ‘पाहुणा’ म्हणते. वाडीत कामाला येणारी वेणूबाई त्याला रोज चहा विचारते आणि स्वतःच हसते.

तो खरंच शिकतो का, असं विचारलंस. शिकतो रे. वादळात नारळी-पोफळीची अर्धी वाडी आडवी झाल्यापासून नुसती झावळी पडली तरी आई दचकते, हे तुला ठाऊक आहे. पाहुणा आला तेव्हा मी धावत जाऊन तिचा हात धरायचे, “आहे हो मी इथंच” म्हणायचे. तो कोपऱ्यातून बघायचा. आता झावळी पडली की तोच जातो, डोळ्यांतला दिवा मंद करतो, आपला मऊ पंजा तिच्या हाताखाली सरकवतो आणि म्हणतो, “आहे हो मी इथंच.” हेलसुद्धा माझा. अंगावर काटा येतो. मी ते म्हणणं कधी सोडलं, आठवत नाही.

आता खरं लिहिते. फोनवर धीर झाला नसता. मंगळवारी आईने सातव्यांदा विचारलं, “अगो, देवदत्ताचा फोन आला का?” तू सकाळीच केला होतास. मी ओरडले, “नाही आला! तू नकोच आहेस त्याला!”

झावळी पडली नव्हती. तरी पाहुणा उठला, दिवा मंद केला, तिचा हात धरला. वेणूबाई दारातून म्हणाली, “ताय, त्याला तुमचा आवाज वादलासारका वाटला.”

मग तो माझ्याकडे वळला. माझे हात थरथरत होते. दुसरा पंजा त्याने माझ्या हाताखाली सरकवला.

देवदत्त, हे त्याला कोणी शिकवलं? ओरडणाऱ्यालाही धरायचं असतं, हे मी त्याला कधीच दाखवलं नव्हतं. त्याला काही वाटतं, की तो नुसती थरथर मोजतो? मला ठरवता येत नाही. माझ्या मायेबद्दलही हल्ली ठरवता येत नाही.

आईला न्यायला येतो, असं तू दोनदा म्हणालास. मी तिला सांगितलंच नाही; तीच नको म्हणते, असं तुला कळवलं. मीच सांभाळते, हा माझा तोरा. ये, तिला घेऊन जा.

पाकीट बंद करण्याआधी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “जाईन हो. पण तिकडे माझी वेणी कोण घालेल? तूही चल.”

तेव्हा दोघी येतो. रागवायचं ते समोर बसवून रागव.

तुझ्याशी आणि आईशी खोटं वागलेली,
ताई