एकवीस वेळा काठी

३ नोव्हेंबर, सोमवार
चष्मा आला! कडेला दोन बारीक कॅमेरे. ड्रोन उडवताना डोळ्यातली बाहुली किती फाकते, नजर किती पळते, ते मोजून डोक्यावरचा भार शंभरपैकी किती ते सांगणार. अक्कलकुव्याहून डोंगरातल्या दवाखान्यांना औषधं पोचवणारे आम्ही दोघंच – मी आणि सुषमा. तिला मी शिकवलं. मला कोणीच नाही. ड्रोनच्या मोटारी उघडून उघडून शिकलो. आता हा चष्मा मला मोजणार!

४ नोव्हेंबर
चाचणी काठी गावाच्या वाटेवर. साहेबांनी नकाशा आधीच हातात दिला – चूक त्यांची. गच्चीवर बंद रिमोट घेऊन बसलो. डोळे मिटून एकवीस वेळा काठीला जाऊन आलो. कुठे टॉवर, कुठे घाटातला वारा, सगळं बोटांत बसवलं. बायको रुपा कपडे वाळत घालता घालता – "पोरे बी परीक्षासाठे इतलं पाठ नही करतस!" मी हसलो नाही.

६ नोव्हेंबर
चाचणी झाली. माझा भार २३! सुषमाचा ५८.
"भाऊ, डोकं आहे की दगड?" ती म्हणाली. सगळे हसले. मी मिशीत. एकवीस वेळांचं बोललो नाही.

७ नोव्हेंबर
नवनीत साहेब खूश. "२३ म्हणजे तुम्ही दोन ड्रोन एकदम सांभाळाल, लोटनभाऊ. एकच पायलट पुरे." म्हणजे सुषमा महिनाअखेर घरी, नवापूरला. ती बॅटऱ्या पुसत होती. ऐकलं तिने. एवढंच म्हणाली – "माझं काय चुकलं, भाऊ?"
काही नाही, असं म्हणायला हवं होतं. "बघू" म्हणालो.

८ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर
मैदानावर सराव. दोन ड्रोन, दोन पडदे, औषधांच्या पेट्या रिकाम्या. उजव्याला वारा ओढत होता, त्याच्याशीच झटत बसलो. मागून सुषमा ओरडली – "भाऊ, डावा! बॅटरी!" कसाबसा उतरवला. नंतर चष्म्याची नोंद तपासली. लाल सूचना अकरा सेकंद पेटलेली. माझी नजर तिच्यावर एकदाही गेली नव्हती. अकरा सेकंद! सुषमाला मात्र लांबून दिसली.

११ नोव्हेंबर
साहेबांना गच्चीचं सांगितलं. अनोळखी वाटेवर नवी चाचणी मागितली, दोघांसाठी. सुषमाचा ५६. माझा ८१.
साहेब चष्मा उलटसुलट करून बघू लागले. मी म्हणालो, "चष्मा बरोबर आहे. एकच पायलट ठेवायचा, तर आकडा बघून ठेवा."