आडोशाची जागा

वेस्टमिन्स्टर, डिसेंबर १६६७

प्रिय ड्रुसिला,

आरमाराचा हिशेब संसदेने तपासावा, हा ठराव काल पडला. ज्या सडक्या मांसापायी तुझा लेक गाइल्स जहाजावर दगावला, ते कोणी पुरवलं, हे आता कोणी विचारणार नाही.

आमच्या सभागृहात ठरावाच्या बाजूचे उठून बाहेर जातात, विरोधक बसून राहतात. बसला तो विरोधात, अशीच मोजणी होते. "दादा, तू पहिला उठशील ना?" असं तू विचारलं होतंस.

बाकं कमी, माणसं जास्त. मी सकाळीच येऊन वाऱ्याच्या आडोशाची जागा धरली होती. उठणार, तोच शेजारचे हॅडविक म्हणाले, "उठलात की जागा गेली, थर्केलसाहेब! मग कुडकुडत बसा दाराशी."

एकाने काय बिघडतंय, असं म्हणून मी बसून राहिलो.

गुडघा धरला होता, असं लिहिणार होतो. पण गुडघा ठणठणीत आहे, म्हणून हे पत्र पेटीतच राहील. उद्याच्या पत्रात एवढंच असेल, की आपण एका मताने हरलो.

तेही खरंच आहे.

तुझा दादा,
अँब्रोज