रविवारच्या आत डेक वाळला पाहिजे

तुंगार्ली, लोणावळा
शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच

तीर्थरूप अक्काच्या पायांवर धाकट्या त्र्यंबकचं डोकं (ते पाय चार महिन्यांत पाहिले नाहीत म्हणून नुसतं कागदावर).

तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू लावत नसणार, हे मी न विचारताच लिहून टाकतो. तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून किती वेळा उतरतेस ते मात्र खरं सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे. कोणी विचारलंच तर हाच शब्द वापर, ठणठणीत. फोन सोडून हा पत्राचा उपद्व्याप कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि मी बोललेलं प्रत्येक वाक्य तू खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणतेस, त्यामुळे माझ्या घरची खबर तुझ्या सोसायटीला माझ्याच शब्दांत कळते. शिवाय रुचिर तुला रोज रात्री फोन करतो, आणि आत्याच्या पोटात काही राहत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून हे पाकीट शेजारच्या धम्मदीपबरोबर धाडतो आहे. तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जाता जाता तो उद्या सकाळी तुझ्या दारात देईल. त्याला चहा विचार, पण काही सांगू नकोस.

तर आता मूळ संकट. रविवारी सकाळी अकरा वाजता रुचिर सूनबाईंना घेऊन येतो आहे, आणि त्या वेळी मागचा लाकडी डेक रंगवून, वाळवून तयार नसेल तर जूनच्या आत मला वाकडला त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवण्यात येईल. विनोद करत नाही. गुढीपाडव्याला जेवण झाल्यावर त्याने हे मला श्रीखंडाच्या वाटीसमोर सांगितलं. म्हणाला, बाबा, तुम्ही एकटे राहता, आम्हाला तिकडे झोप लागत नाही. मी म्हटलं, झोपेचं औषध घ्या. (इथे जरा चुकलं माझं.) मग चिडून त्याने अट घातली. हा डेक पावसाआधी तुम्ही स्वतः, कोणाला न बोलावता, नीट करून दाखवा. दाखवलात तर वर्षभर वाकडचं नाव काढणार नाही. मी लगेच हो म्हणालो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला बारा बाय अठरा फुटांच्या डेकच्या फळ्या काय जड आहेत, असं मला वाटलं. आणि हे घर सोडायचं माझ्या मनात नाही, अक्का. इथे बाजारात गेलो की लोक मला त्र्यंबकराव म्हणतात. तिथे मी बाराशे तीनवाले आजोबा होणार.

हा डेक म्हणजे काय, तर आपण ज्याला ओटा म्हणतो तोच, फक्त फळ्यांचा आणि महाग. घरून काम करायच्या दिवसांत समोर डोंगर दिसावा म्हणून रुचिरनेच तो बांधून घेतला. मग कंपनीने परत बोलावलं, तेव्हा डोंगर आणि डेक दोन्ही माझ्या गळ्यात टाकून तो गेला. आपल्या पावसात लाकडाचं काय होतं ते तुला सांगायला नको. पाच पावसाळ्यांत फळ्या करड्या पडल्या, फटींत शेवाळ धरलं, आणि एका कोपऱ्यात तर आळंबी उगवली. (कामाला येणारी लीलाबाई ती भाजीला नेणार होती. मी अडवलं.)

सोमवारी बाजारात अमृतशेठच्या दुकानात गेलो. रंग द्या म्हटलं तर त्याने मला खुर्ची दिली आणि अर्धा तास शिकवणी घेतली. काका, रंग वर बसतो, स्टेन आत मुरतो, तेव्हा आधी लाकूड उघडं करा. म्हणजे जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. मग धूळ झाडायची, लाकूड कोरडं ठणठणीत करायचं, रेषेच्या दिशेनेच ब्रश ओढायचा आणि दहा मिनिटांच्या आत वरचा जास्तीचा स्टेन चिंधीने पुसून काढायचा. नाही पुसला तर काळा चिकट थर बसतो आणि तो तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत निघत नाही. दोन हात द्यायचे, प्रत्येक हाताला चोवीस तास वाळवण, आणि तेवढ्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर? असं मी विचारलं. त्याने फक्त दुकानाबाहेर आभाळाकडे पाहिलं. रोज दुपारी चारला इकडे डोंगरामागून ढग वर येतात, तासभर माझ्या डोक्यावर उभे राहतात आणि न पडता निघून जातात. सोमवारपासून मी हवामानाशिवाय काही पाहिलेलं नाही.

सोमवार-मंगळवार मी घासलं. वाकून, बसून, शेवटी शेवटी ओणवा होऊन. दोन दिवसांत लाकूड असं उघडं झालं, बदामासारखं गोरं, की मी त्यावर चप्पल घालून चालेना. बुधवारी चिंध्या आणायला बाजारात गेलो आणि तासाभराने परत येतो तर माझा गोरा डेक हिरवट काळा! लीलाबाई कडेला बादली घेऊन उभी, कोपरापर्यंत शेण, आणि चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. गुलाबांना खत म्हणून ती कुरवंड्याहून शेण आणते, ते सगळं तिने फळ्यांना सारवलं होतं, वर बोटांनी नक्षीसुद्धा काढली होती. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "सायेब, पार उघडं पडलंतं लाकूड, कसनुसं दिसत व्हतं. आन् आत्याबाई दरसाल हितंच वाळवान घालत्यात. सारवल्याबिगर खायाचं कसं घालायचं?" तुझ्या गुडघ्यांमुळे यंदा आत्याबाई येणार नाहीत, असं सांगितल्यावर तिला डेकपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग बुधवारी धुतलं, गुरुवारी वाळवलं आणि पुन्हा घासलं. एक दिवस हातचा गेला. आता हिशोब असा की पहिला हात शुक्रवारी सकाळी, दुसरा शनिवारी सकाळी, म्हणजे रविवारी अकराला बरोबर सव्वीस तास. मध्ये एक सर आली की बाराशे तीन.

आज सकाळी आठला पहिला हात सुरू केला. मधाचा रंग, अक्का, डोळ्यांचं पारणं फिटावं असा. स्वतःच कोपऱ्यात अडकू नये म्हणून लांबच्या टोकापासून दाराकडे येत गेलो. (रुचिर समजतो तेवढा मी बावळट नाही.) नऊ वाजता दाराजवळचा शेवटचा तुकडा उरला होता आणि शेजारच्या आंब्यावरून माकड उतरलं. मोठा नर, लाल तोंडाचा, तपासणीला आलेल्या साहेबासारखा सावकाश चालत आला. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि डब्याला अशी लाथ मारली की दोन लिटर स्टेन एका जागी. मग हातपाय माखून, त्यातच लोळून, तो निघून गेला. चिंधीने पुसायला मला जमलं नाही, मी दुसऱ्या कामात होतो, त्यामुळे दहा मिनिटांत पुसायचा स्टेन दोन तास तसाच राहिला. आता दारासमोरच पाच फुटांचा काळाकुट्ट, चिकट डाग आहे. बाकी सगळा डेक मधासारखा आणि मध्ये हा. अमृतशेठला फोन केला तर म्हणतो, पूर्ण वाळल्यावर घासून काढावा लागेल, आठवडा जाईल. माझ्याकडे दीड दिवस आहे.

हे लिहिताना ढग आलेच आहेत. वारा थांबला आहे, आणि मी दर दोन ओळींनी उठून हात बाहेर काढून बघतो आहे. अजून कोरडं आहे. पुरे करतो. तब्येतीची काळजी घे.

तुझा आज्ञाधारक (आता तरी),
त्र्यंबक

ता. क. : तू मंगळवारी कुरड्यांचे गहू भिजत घातलेस, असं रुचिरकडून कळलं. म्हणजे उद्या तू वाटणार आणि रविवारी सकाळी चीक शिजवणार. तो चीक तिकडे शिजवू नकोस. डब्यात भरून, सोऱ्या घेऊन, रविवारच्या पहिल्या लोकलने इकडे ये. स्टेशनवर मी रिक्षा घेऊन उभा असेन. डागावर मोठं प्लास्टिक अंथरू आणि त्यावर तू कुरड्या घाल, दाट घाल. आत्याच्या ओल्या कुरड्यांना हात लावायची रुचिरची छाती नाही. तो दुपारी जेवून जाईल, मग बघू.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. अक्का, माकड आलंच नव्हतं. मीच घसरलो. डबा माझ्याच हातातून गेला आणि मी त्यात आडवा. हाड मोडलेलं नाही, पण कमरेतून उठता येईना. नऊपासून अकरापर्यंत मी तिथे पडून होतो. नीट पाहिलंस तर डागात माझा पंजा आणि गुडघा दिसेल. मी हाका मारल्या. रुचिरला नाही. तुझ्या भावजयीला, माधवीला, जाऊन चार वर्षं झाली, तिलाही नाही. एकाहत्तर वर्षांचा घोडा मी, "अक्का, अक्का" करून ओरडत होतो. मला भीती वाटली. अकराला लीलाबाई आली, तिने उठवलं, केरोसीनने हात धुऊन दिले. कोणाला सांगू नकोस म्हटलं, तर म्हणाली, "म्या न्हाई सांगायची, सायेब. पर तुमी सांगा." तासभर विचार केला. ती बरोबर आहे.

ता. क. ३ : तेव्हा कुरड्यांनी डाग झाकायचा नाही. रुचिर आला की मीच त्याला सगळं सांगेन. तू फक्त शेजारी बस, म्हणजे मी मध्येच माकडावर जाणार नाही. त्याची अट मी आज पुन्हा आठवून पाहिली. त्याला झोप लागत नाही ती मी एकटा राहतो म्हणून. इथे दोघं म्हातारी राहिली तर काय, याबद्दल तो काही बोललेला नाही. तुझे तीन जिने आहेत, इथे एकच पायरी. मी तुझ्यासाठी म्हणत नाही, अक्का, मला गरज आहे. चीक राहिला तरी चालेल. साड्या मात्र दोन दिवसांच्या नकोत, सगळ्या आण.