स्तोत्राएवढी झुंज

तळोदा, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सायंकाळ

नात गौरी आणि शेजारच्या सुतारांची शबाना अंगणात सतरंजीवर झुंजीचा सराव करतात. एकीने छातीवर बसायचे, खालचीने निसटायचे. मुदत माझ्या एका स्तोत्रपाठाची. मग जागांची अदलाबदल.

आज शबाना म्हणाली, "आजोबा, मी खाले ऱ्हास तवय तुमनं स्तोत्र लगेच सरी जास. गौरी खाले ऱ्हास तवय सरतच नही."

गौरी हसत सुटली. साठ वर्षांत एक अक्षर गाळले नाही, पण गती? देवाच्या नावाने पक्षपात? शिवाय रविवारच्या झुंजीच्या निवडचाचणीत गौरीला एवढा अवकाश कोण देणार?

देवापुढे कान धरले. उद्यापासून सतरंजीकडे पाठ करून म्हणेन. परंतु गौरीची धाप मी ओळखतो. कानांचे काय करावे?