ताज्या तेलाचा नमुना

पुणे,
१५ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अप्पा,

शरणार्थ. मी बरी आहे. इथं थंडी चांगलीच पडलीय. आईचे गुडघे कसे आहेत? तिला पहाटे अंगण झाडू नको म्हणावं, ऐकणार नाहीच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्ही "जेवलीस का" विचारता, मी "हो" म्हणते, आणि आपलं बोलणं संपतं. हे तेवढ्यात मावणारं नाही.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, "लिले, तू तिथं करतीस तरी काय?" मी 'संशोधन' म्हणून उडवून लावलं. आता नीट सांगते. कॅल्क्युलेटरच्या काचेआड आकडे उमटतात ना, ते लिक्विड क्रिस्टल नावाच्या पदार्थामुळं. तो धड पाणी नाही, धड खडाही नाही. वाहतो, पण त्याचे कण शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ओळीत असतात. तो आम्ही काचेवर पसरतो आणि काच तेलावर धरतो. तेल ताजं असलं तर सूक्ष्मदर्शकातून काच काळीभोर दिसते. हवा लागून तेल खवट झालं असेल, तर त्याची वाफ त्या ओळी मोडते आणि काच चकाकते. एवढंच माझं संशोधन.

यात आधी एक ताजं तेल लागतं. बाकीची सगळी त्याच्याशी ताडून पाहायची. मी दिवाळीत आपल्या घाण्यावरून आणलेला करडीच्या तेलाचा डबा ठेवला. दुसरं काही मनातही आलं नाही.

काच चकाकली. मी म्हटलं, काच बिघडली. नवी केली, तीही चकाकली. दीड महिन्यात एक्केचाळीस काचा केल्या, अप्पा. मॅडम म्हणाल्या, "शिवलीला, ताजं तेल बदलून बघ." मी त्यांच्यावरच तडकले. "माझ्या वडिलांचं तेल आहे," म्हटलं. जणू तो पुरावाच! परवा शेवटी त्यांनी स्वतः दुसरं तेल आणून ठेवलं. काच काळीभोर.

म्हणजे काचा सगळ्या चांगल्या होत्या.

हे लिहून मघाशी उठले, चहा करून आले. आता खरं ते लिहिते. डबा उघडला त्या पहिल्याच दिवशी मला वास आला होता. तुम्ही शिकवलंत तसा थेंब तळहातावर चोळला आणि हुंगला. खवट. मी झाकण लावलं आणि वहीत 'ताजं' लिहिलं. सगळं खापर काचेवर फोडलं, कारण काचेला वाईट वाटत नाही.

दिवाळीत शेजारच्या धुरपदाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अप्पा, औंदा तेल लई उग्र लागतंय की वो." तुम्ही म्हणालात, "तुमच्या कढईचा दोष हाय." गिऱ्हाईकाला असं तोडून बोलणारे तुम्ही नव्हेत. आणि आई फोडणीत दुप्पट लसूण घालतेय. तिला कळलंय. आम्ही मायलेकी सारख्याच भित्र्या.

उन्हाळ्यातल्या त्या लांबलेल्या तापापासून वास येत नाही ना तुम्हाला? कितीतरी जणांचं असं होतं, त्यात कमीपणा कसला? डॉक्टरला मात्र दाखवू. पूर्वी नवं तेल ओतायच्या आधी तुम्ही टाकीत डोकं घालायचात आणि तळाचा गाळ जुना वाटला की टाकी घासायला लावायचात. आता डोकं घालूनही काही कळत नसणार. जुन्या गाळावर नवं तेल पडत राहिलं. घाण्यात काही खोट नाही, अप्पा, तुमच्या हातातही नाही.

शाकंभरी नवरात्र तोंडावर आलंय. तुळजापूरच्या खानावळींना आपले डबे जातात. या टाकीतला एकही डबा जाऊ देऊ नका. परगावचे भाविक ते खाणार आहेत. टाकी रिकामी करून घासून घ्या. मी शनिवारी सुट्टी काढून येते. टाकी मी हुंगीन, तेल काढायचं तुम्ही. धुरपदाबाईंकडे मात्र आपण दोघं मिळून जाऊ.

तुमच्याबद्दल मला कधी कळलं, तेही सांगून टाकते. दिवाळी करून मी निघाले तेव्हा जळकोटच्या स्टँडवर तुम्ही नेहमीसारखं माझं डोकं हुंगलंत आणि म्हणालात, "आईच्या शिकेकाईचा वास येतोय बघ. पुण्यापतुर टिकंल." मी हसले आणि गाडीत बसले. सोलापूर येईस्तोवर खिडकीकडं तोंड करून रडत होते. त्या दिवशी मी न्हालेच नव्हते, अप्पा. आदला अख्खा दिवस घाण्यावर बसून केस पेंडीच्या धुळीनं भरले होते.

शनिवारी उतरले की आधी माझं डोकं हुंगा. कशाचा वास येतोय, ते या खेपेला मी सांगीन.

तुमची,
लिली