शनिवारचं तेल

तांबरम, ४ ऑगस्ट २०२५

चि. दत्ताजीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. कानाला नवं यंत्र लावूनही फोनवर माझं बोलणं तुला कळत नाही, आणि मी ओरडले की शेजारची सौम्या काय झालं म्हणून धावत येते. तेव्हा आपली पत्रंच बरी. जन्मभर शाळेत हिंदी शिकवलं, त्या अक्षराचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता कामाचं. मुरली माझं घर बंद करायला निघाला आहे. मी शहरात नुंगंबाक्कमला त्याच्या फ्लॅटवर राहायला जावं आणि इथे कुलूप लावावं, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे त्याचं एकट्याचं. जूनमध्ये मला ताप आला होता, चांगला आठवडाभर अंथरुणात होते. मी मुरलीला कळवलं नाही. ऑफिसात त्याच्या मागे कामं थोडी आहेत का, उगाच घोर कशाला लावायचा? पण सौम्यानं ते त्याच्यापुढे बोलून टाकलं आणि तेव्हापासून तो धुमसतो आहे. सूनबाई श्रीनिधी गुणाची आहे, माझ्या खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवलेत. पण अरे, माझं अंगण इथे, शिकवणीच्या मुली इथे. तिथे रांगोळी काढायची तर लिफ्टसमोर!

परवा वाद घालताना मी म्हटलं की हे गेल्यापासून बाजार, बँक, देऊळ सगळं मी स्वतः गाडी चालवून करते, मला कोणाची गरज पडत नाही. त्यावर तो म्हणाला, जीएसटी रोडवर, भर हायवेच्या गर्दीत, चाक पंक्चर झालं तर काय करशील? मी म्हटलं, बदलीन. मग माझ्यासमोर बदलून दाखव, म्हणाला, कोणाचा हात न लागता. जमलं तर घराचा विषय पुन्हा काढणार नाही, नाही तर बॅग भरायची. मी हो म्हणून बसले. माझी जीभ तुला ठाऊक आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो येणार आहे.

आणि दत्ता, चाकाचा एकही नट हलत नाही! पान्याला लोंबकळून पाहिलं. मेकॅनिक गुरुमूर्तीला विचारलं तर तो मुरलीला सांगणार. तू पुण्यात ट्रकच्या कारखान्यात जन्म काढलास, तूच सांग काय करू.

माया आहेच, ती पत्रातून लवकर पाठव.

तुझी,
सरोजा अक्का


पुणे, ११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास दत्ताजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. खरं सांग, गाडी जॅकवर उचलून मग पान्याला लोंबकळलीस ना? असं पुन्हा करू नकोस. गाडी जॅकवरून घसरली तर मुरलीला घर बंद करायला वेगळं कारणच लागणार नाही. नट आधी ढिले करायचे ते चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून. जॅक नंतर. कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो आणि तीही तुझ्यासारखीच ऐकायची नाहीत.

पण भावोजी गाडीला इतके जपायचे. त्यांच्या गाडीचे नट असे धरून बसले म्हणजे काहीतरी गडबड आहे. जवळ जाऊन नीट बघ आणि लिही. तांबडा गंज आहे, चिखल आहे, की आणखी काही?

तापाचं मलाही ह्याच पत्रातून कळलं. त्यावर सवडीनं भांडेन.

तुझा लोभ मला लहानपणापासून फुकट मिळत आला आहे, पुढेही मिळावा.

तुझा,
दत्ता


तांबरम, १९ ऑगस्ट २०२५

चि. दत्ताजीस आशीर्वाद. वि. वि.

चष्मा लावून बघितलं. गंज थोडा दिसतो, पण वर काळपट पिवळं, चिकट, कडक असं काहीतरी आहे. नखानं खरवडलं तर नखात अडकलं आणि वास ओळखीचा आला. तिळाच्या तेलाचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर शनिवारी हे देवळात शनीला तेलाचा दिवा लावायचे. वाटीत उरलेलं तेल चाकांच्या नटांना बोटानं लावायचे, लोखंड शनीचं म्हणून. वर आयुधपूजेला, म्हणजे तुमच्या तिकडच्या खंडेनवमीला, माझं चंदन आणि कुंकू. हे गेल्यावर तेलाचा नेम मी चालवला, एक शनिवार चुकवला नाही. शनिवारी संध्याकाळी वाटी घेऊन गाडीपाशी बसले की मला बरं वाटायचं, हे आत्ता खिडकीतून हाक मारतील असं वाटायचं. त्या तेलानंच घोटाळा केला का रे? तसं असेल तर स्पष्ट लिही, मला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नकोस.

इकडे मुरलीनं माझ्या पुस्तकांसाठी खोकी पाठवली आहेत. मी ती माळ्यावर टाकली.

जीव लावणारा भाऊ आहेस, उपायही लाव.

सरोजा अक्का


पुणे, २५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शनिमहाराज प्रसन्न झाले आणि तिथेच बैठक मारून बसले! होय, तेलानंच घोटाळा केला. तिळाचं तेल उघड्यावर सुकतं, धूळ धरतं आणि लाखेसारखं घट्ट होतं. आत पावसाचं पाणी मुरून गंज धरला असणार. पण ज्या हातांनी ते लावलं त्यांची माया खोटी नव्हती, तेव्हा रडत बसू नकोस. तारेचा ब्रश घे.

आधी सगळं घासून काढ. मग हार्डवेअरच्या दुकानातून गंज सोडवणारं तेल आण, नटाच्या मुळाशी सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी हातोडीनं हलके ठोके दे, आत तेल मुरू दे, पुन्हा तेल. एका दिवसात झालं नाही तर दुसऱ्या दिवशी. नट सोडवायच्या आधी किंचित आवळायचा, मग उलटा फिरवायचा. झटका द्यायचा नाही. तुझं वजन चिमणीएवढं, तेव्हा पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाइप चढव आणि वरून खाली दाब. सुटले की सगळं कोरडं पुसून परत आवळ. ह्यापुढे शनिवारचं तेल दिव्यातच.

आता भांडण. मुरलीनं मला मेसेज केला होता. आई तुम्हाला तरी तब्येतीचं सांगते का, असं विचारत होता. मी काय उत्तर देणार? माझी बाजू घे असं तू लिहिशील, पण ह्या बाबतीत मी त्या पोराच्या बाजूचा आहे. तुझं घर राहावं असंही वाटतं. दोन्ही वाटतं, त्याला काय करू?

रविवारी इथून देवाला गाऱ्हाणं घालतो. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
दत्ता


तांबरम, ८ सप्टेंबर २०२५

चि. दत्ताजीस अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

काल परीक्षा झाली. तू सांगितलंस तसं सगळं केलं होतं. अंगणातला हातपंप काढला तेव्हाचा पाइपचा तुकडा कामाला आला. रोज सकाळी रांगोळी झाली की हातोडी घेऊन बसायची. पहिला नट कुरकुरून सुटला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. शनिवारपर्यंत सगळे सुटले, फक्त मागच्या उजव्या चाकाचा एक सोडून. म्हटलं, चार चाकांतलं नेमकं तेच तो कशाला निवडेल?

मुरलीनं नेमकं तेच दाखवलं. श्रीनिधी ओट्यावर बसली, हा पाठीमागे हात बांधून उभा. बाकीचे नट मी भराभर ढिले केले, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तो शेवटचा. आवळून बघितला, दाबून बघितला, पाइपवर सगळं वजन टाकलं. पाइप निसटला आणि बोटांची सालं निघाली. श्रीनिधी उठली, तर मुरलीनं तिला खुणेनं बसवलं. मात्र तो स्वतः पांढरा पडला होता. मी खाली मातीतच बसले. घर गेलं, एवढंच मनात येत होतं, रडू आवरेना.

आणि मग दत्ता, कसं कोण जाणे, मी त्याला हाक मारली. एकटीला जमत नाही, जरा हात लाव, असं म्हटलं. तो धावतच आला. माझ्या हातांशेजारी हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून दाबलं. असा कडकन आवाज झाला की सौम्या बाहेर आली. नट सुटला होता.

मी उठून साडी झटकली आणि म्हटलं की हरले, माळ्यावरची खोकी काढ. तो जागचा हलला नाही. नट हातात घेऊन पुसत राहिला. मग म्हणाला, अप्पा गेल्यापासून तू मला आज पहिल्यांदा कशासाठी तरी बोलावलंस. तापात काही झालं असतं तर मला शेजाऱ्यांकडून कळलं असतं, ह्या विचारानं मला झोप लागत नाही. एवढा मोठा माणूस, डोळे भरून आले होते त्याचे. मी त्याला पोटाशी धरलं, काळ्या हातांनीच. त्याचा शर्ट गेला.

पुढे कधी अडलं तर बोलावशील का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. मग इथेच राहा, म्हणाला.

दिलेल्या शब्दाला लगेच जागायला हवं, म्हणून तिथेच सांगितलं की उजव्या डोळ्यानं मला धूसर दिसतं आणि डॉक्टर मोतीबिंदू काढायला सांगतात. तुलाही हे लिहिलं नव्हतं, रागव हवं तेवढं. मुरलीनं कपाळाला हात लावला. आता पुढच्या आठवड्यात तोच घेऊन जाणार आहे. गाडीची किल्ली त्यानं खिशात घातली, डोळा बरा होईपर्यंत मिळणार नाही.

घराची किल्ली माझ्या कमरेला आहे.

रागावलास तरी पत्र लिही. तुझ्या मायेवरच ही म्हातारी टिकून आहे.

तुझी,
सरोजा अक्का